प्रतिपालकावर आळ येतो तेव्हा

गणेशचतुर्थीचा चंद्र पाहिला की चोरीचा आळ येतो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. प्रत्यक्ष श्रीकृष्णालाही स्यमंतक मण्याच्या चोरीचा आळ चुकला नाही. पण श्रीकृष्ण अरण्यात गेला, जांबवंताशी झुंजला आणि मणी आणून त्याने सत्राजितापुढे ठेवला. आळ फिटला. माझ्या मावशीवर जो आळ आला तो फेडण्यासाठी तिच्याजवळ असा कोणताही मणी नव्हता. एका परक्या मुलीच्या पोटऱ्यांवरचे काळसर डाग आणि "हे मी केलेलं नाही" हे स्वतःचे शब्द, एवढेच तिच्याजवळ होते.

हा लेख म्हणजे मावशीची कैफियत नव्हे. तिच्या निमित्ताने मला एक प्रश्न पडला आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी मी कायद्याची पुस्तके चाळली, चार जाणत्या माणसांना विचारले. जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच हेतू आहे. लेखात मुलीचे, मावशीचे किंवा गावाचे नाव नाही. संरक्षणाखाली असलेल्या बालकाची ओळख उघड होईल असे काही छापू नये, असा कायदाच आहे. आणि तो नसता तरी मी नावे दिली नसती.

मावशीचे गाव पाथर्डी तालुक्यात आहे. आमच्या जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, तरी बोलण्यात अजून 'नगर'च येते. या जिल्ह्याच्या उत्तरेला ऊस आणि साखर कारखाने, तर पाथर्डी, शेवगाव, जामखेड या बाजूंना तो ऊस तोडायला जाणारी माणसे. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी बाहेर पडतात. नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडे 'कोयता' म्हणतात. माणसाचे नाव जाऊन हत्याराचे नाव लागते. मग गावात राहतात ती म्हातारी माणसे आणि लेकरे. कोणाची मुले आजीजवळ, कोणाची चुलत्याकडे, कोणाची शाळेच्या हंगामी वसतिगृहात, तर कोणाची शेजारणीच्या घरी. दुसऱ्याचे लेकरू सहा महिने सांभाळणे आमच्याकडे नवे नाही. त्याला कोणी योजना म्हणत नाही, इतकेच.

मावशीच्या शेजारच्या आळीतील एका ऊसतोड मजुराची बायको आजारपणात गेली. मागे आठ वर्षांची मुलगी राहिली. बाप हंगामात कारखान्यावर, आजीही टोळीबरोबर भाकऱ्या थापायला जाणारी. मावशीला मूलबाळ नाही. ती शिवणकाम करते आणि काकांचे लहानसे किराणा दुकान आहे. पोर आधीपासूनच दुकानाच्या पायरीवर खेळत असे. बापानेच विचारले, "बाई, पोरगी तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या." काका व्यवहारी माणूस. म्हणाले, "जे करायचं ते कागदावर करू." कोणीतरी वाट दाखविली, अर्ज झाला, घराची पाहणी झाली, आणि बाल कल्याण समितीच्या आदेशाने मुलगी मावशीकडे आली. कायद्याच्या भाषेत मावशी-काका 'प्रतिपालक' झाले. मुलगी तिला मावशीच म्हणत असे.

येथे थोडे कायद्याविषयी सांगितले पाहिजे. प्रतिपालकत्व आणि दत्तक यांत पुष्कळांचा घोटाळा होतो. दत्तक घेतलेले मूल कायमचे आपले होते. त्याचे नाव, वारसा, सारे बदलते. प्रतिपालकाकडे मूल काही काळापुरते असते. जन्मदात्यांचे नाते तुटत नाही आणि परिस्थिती सुधारल्यास मूल परत जाते. बाल न्याय अधिनियम, २०१५ याच्या ४४ व्या कलमात ही व्यवस्था दिली आहे. कुटुंब निवडताना त्याची क्षमता, हेतू आणि मुले सांभाळण्याचा पूर्वानुभव पाहावा. भावंडे शक्यतो एकत्र ठेवावीत. समितीची हरकत नसेल तर आईवडिलांना मुलाला भेटू द्यावे. आणि दरमहा पाहणी करावी, असे त्यात आहे. जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीत एक अध्यक्ष व चार सदस्य असतात. निर्णय ही समिती करते आणि प्रत्यक्ष काम जिल्हा बाल संरक्षण कक्ष पाहतो.

महाराष्ट्रात या अधिनियमाच्याही आधीपासून बालसंगोपन योजना आहे. आज तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. २०२३ पासून या योजनेत मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत ही रक्कम ४,००० रुपये आहे. प्रत्यक्षात बालसंगोपन योजनेतील पुष्कळ मुले आई किंवा वडील यांपैकी एकाजवळ अथवा आजी-आजोबांजवळच राहतात. मावशीसारखी रक्ताचे नाते नसलेली घरे थोडी. मावशीच्या घरी ही रक्कम मुलीच्या नावाच्या पासबुकात तशीच पडून असे. पण गावात बोलणे सुरू झालेच होते: "पैशासाठी पोर ठेवलीय."

आता आळाची हकीकत. दसऱ्यानंतर टोळी निघायच्या आधी आजी नातीला भेटायला आली. पोरीच्या पायांत गोळे येतात हे ऐकून तिने जुना उपाय केला. दाभणाच्या टोकावर बिब्बा धरून, दिव्यावर तापवून तिने पोरीच्या दोन्ही पोटऱ्यांवर फुल्या घातल्या. मावशी त्या वेळी गिरणीत गेली होती. बिब्बा कोणाला सोसतो, कोणाला उततो. पोरीला उतला. दोन दिवसांत फोड आले, खाज सुटली, कातडी काळी पडली. मावशीने विचारले तेव्हा मुलीने आजीचे नाव सांगितले आणि लगेच म्हणाली, "आजीला बोलू नको, नाहीतर ती यायची नाही." मावशीने खोबरेल लावले आणि गोष्ट तिथेच सोडली. दवाखान्यात नेले नाही, कार्यालयाला कळविले नाही. ही तिची चूक होती आणि ती चूक ती आजही कबूल करते.

आठवड्याने शाळेत कोणीतरी ते डाग पाहिले. ओळीने उठलेले काळे ठिपके आणि फोड पाहून कोणालाही चटकेच वाटले असते. मुलीला विचारण्यात आले, "चटके कोणी दिले?" ती गप्प. "मावशीने दिले का?" तिने मान खाली घातली. मान खाली गेली म्हणजे होकार झाला, असे धरले गेले. माहिती वर कळविली गेली आणि त्याच संध्याकाळी मुलीला बालगृहात हलविले. जाताना तिचे दप्तर बरोबर गेले. मावशीने शिवलेला नवा परकर दोरीवर वाळत राहिला.

त्यानंतरचे साडेचार महिने मी जवळून पाहिले. आपल्यावर नेमका काय आरोप आहे, हे मावशीला कोणी लिहून दिले नाही. पोलीस एकदा येऊन जबाब घेऊन गेले. गुन्हा नोंदविला गेला नाही, पण नोंदविला जाणार की नाही हेही कोणी सांगितले नाही. तारीख पडे तेव्हा आम्ही एस.टी.ने नगरला जायचो आणि बाहेरच्या बाकावर बसायचो. "आजीने बिब्बा लावला होता," असे मावशीने पहिल्याच दिवशी सांगितले होते. पण आजी टोळीबरोबर दूरच्या कारखान्यावर, रोज नव्या फडात. तिला विचारणार कोण? इकडे दुकानावरची गिऱ्हाइके कमी झाली. संक्रांतीला हळदीकुंकवाचे बोलावणे चारच घरांतून आले. काकांचा रक्तदाब वाढला. मावशी एका रात्री मला म्हणाली, "तू कॉलेजात शिकती. मग सांग, मी लेकराला डाग दिले असतील असं तुला तरी वाटतं का?" मी नाही म्हटले. ती म्हणाली, "तुझ्या नाही म्हणण्यानं काय होतंय? तू भाचीच हायेस माझी."

हे वाक्य माझ्या मनात रुतून बसले. आरोप आलेल्या माणसाला घरच्यांचा विश्वास पुरत नाही. त्याला असा कोणी लागतो जो घरचा नाही आणि चौकशी करणाऱ्यांपैकीही नाही; जो त्याला समजेल अशा शब्दांत पुढे काय होणार ते सांगेल.

येथे कोणी म्हणेल, मग शाळेने कळवायलाच नको होते काय? मला तसे म्हणायचे नाही. कळविणे हे शाळेचे कर्तव्यच होते. ज्यांच्या ताब्यात मूल आहे त्यांनीच त्याला मारले, उपाशी ठेवले, याहून वाईट काही केले, अशी प्रकरणे घडतात. घरातली घडतात, संस्थांतली घडतात, प्रतिपालकांकडचीही घडू शकतात. म्हणून बाल न्याय अधिनियमाच्या ७५ व्या कलमात, ताब्यातील मुलाशी क्रूरपणे वागणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. लैंगिक अपराधांपासून मुलांचे रक्षण करणारा २०१२ चा 'पोक्सो' अधिनियम तर आणखी कडक आहे. असा अपराध झाल्याचे माहीत असून न कळविणे हाच त्यात गुन्हा आहे. आणि अपराध करणारा प्रतिपालक असेल तर तो अधिक गंभीर मानला जातो. अशा खटल्यात ठरावीक गंभीर कलमांखाली, उलट सिद्ध होईपर्यंत आरोपीनेच अपराध केला असे न्यायालय धरून चालते. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही. मुद्दाम खोटी तक्रार करणाऱ्या मोठ्या माणसाला शिक्षा आहे, मुलाला मात्र नाही. हे सारे योग्यच आहे. ज्याच्या बाजूने बोलायला कोणी नाही अशा लेकरासाठी कायद्याने आपले वजन टाकले आहे.

प्रश्न एवढाच की, मुलाचे ऐकणे म्हणजे काय? मुलाला उत्तर भरवून मान हलवायला लावणे, याला ऐकणे म्हणता येणार नाही. याविषयी थोडा विचार केला म्हणजे ध्यानात येते की, प्रतिपालकांवर आरोप येण्याची कारणे एकाच जातीची नसतात. काही आरोप खरे असतात. काहींत खूण खरी असते पण तिचा अर्थ चुकलेला असतो, जसा मावशीच्या बाबतीत झाला. कधी मुलाने पूर्वीच्या घरी सोसलेले असते आणि ते बोलून दाखविण्याइतका धीर त्याला नव्या घरात येतो. ऐकणाऱ्याला वाटते की हे याच घरातले आहे. कधी मुलाला आपल्या माणसांकडे परत जायचे असते आणि त्याला दुसरी वाट दिसत नाही. कधी नातेवाइकांत पैशावरून किंवा जमिनीवरून वाकडे आलेले असते. आणि कधी मूल कोणालातरी सांभाळून घेत असते. आमच्या मुलीने मावशीवर खोटा आळ घेतला नव्हता. तिने आजीला वाचविले होते. आईमागे उरलेली एकच बाई, तिची भेट बंद होऊ नये म्हणून आठ वर्षांची पोर गप्प राहिली. या गप्प राहण्याचा अर्थ लावायला वेळ, शांत जागा आणि "काय झालं ते तुझ्या शब्दांत सांग" एवढाच मोकळा प्रश्न लागतो.

पुढे तेच झाले. बालगृहात एका समुपदेशक बाईंनी तिला दोन-तीन वेळा नुसते चित्र काढू दिले. मग एके दिवशी पायांविषयी विचारले. मुलीने आजी, दाभण, दिवा, सारे सांगितले. डॉक्टरांनी डाग पाहून ते बिब्ब्याचे असू शकतात असे लिहून दिले. फेब्रुवारीअखेर कारखान्याचा पट्टा पडला, टोळी गावी आली आणि आजीने स्वतः नगरला येऊन सांगितले, "मीच लावला बिब्बा. माझ्या आईनं मला लावला व्हता." पाडव्याच्या आधी मुलगी परत मावशीकडे आली.

आळ फिटला, आता काय राहिले? हाच माझा मुख्य मुद्दा आहे. मूल संरक्षणाखाली आणले जाते तेव्हा सामाजिक तपासणी १५ दिवसांत आणि समितीचा अंतिम आदेश चार महिन्यांत व्हावा, असे बाल न्याय अधिनियमाचे ३६ वे कलम सांगते. प्रतिपालक कुटुंब उणे पडल्यास मूल काढून दुसऱ्या कुटुंबात द्यावे, असे ४४ वे कलम सांगते. पण मूल काढून नेल्यापासून निर्णय होईपर्यंत त्या घरातील माणसांशी कोणी बोलायचे, त्यांना कोणी माहिती द्यायची, याविषयी त्या कलमात एक ओळही नाही. चांगल्या घराला हा अनुभव एकदा आला की ते घर पुन्हा दार उघडत नाही, आणि ते पाहून शेजारची चार घरेही उघडत नाहीत. तोटा शेवटी मुलांचाच होतो. म्हणून प्रतिपालकाला आधार देणे आणि मुलाचे रक्षण करणे या एकमेकींविरुद्ध गोष्टी नाहीत. मावशीला पहिल्याच आठवड्यात नीट विचारले असते, तर मुलीचे साडेचार महिने वाचले असते.

आपल्या समाजाला हा अनुभव नवा नाही. ज्यांचे नाव आज बालसंगोपन योजनेला आहे त्या सावित्रीबाईंचेच पाहा. त्यांचा आणि आमच्या नगरचा जुना संबंध आहे; मिस फॅरार यांच्या नगरच्या शाळेत त्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसविल्या गेलेल्या विधवांनी तिथे यावे, गुपचूप बाळंत व्हावे, मूल ठेवून जावे किंवा घेऊन जावे, अशी मुभा होती. अशा घराविषयी त्या काळचा समाज काय काय बोलला असेल याची कल्पना करणे अवघड नाही. तिथेच १८७४ साली जन्मलेला एका विधवा ब्राह्मण स्त्रीचा मुलगा त्यांनी आपला म्हणून वाढविला. तोच यशवंत. १८९० साली जोतीराव गेले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावरून भाऊबंदांनी वाद घातला, दत्तक मुलाचा हक्क नाकारला. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः पुढे होऊन टिटवे हाती धरले. पुढे यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंना त्या रोगाने गाठले आणि १० मार्च रोजी त्या गेल्या. परक्याचे लेकरू आपले म्हणणाऱ्याला समाज शेवटपर्यंत 'हे तुमचे नव्हे' असे ऐकवीत राहतो, हे यावरून दिसते. सावित्रीबाईंच्या अंगी ते पेलण्याचे बळ होते. प्रत्येक प्रतिपालकाच्या अंगी ते असेलच, असे धरून योजना चालवता येणार नाही.

अन्य देशांनी यावर काय उपाय केला आहे? इंग्लंडमध्ये पालकांपासून दूर ठेवाव्या लागणाऱ्या मुलांपैकी बहुतेक मुले प्रतिपालक कुटुंबांतच राहतात. त्यामुळे हा प्रश्न तिथे लवकर उभा राहिला. तिथे २०११ साली प्रतिपालन सेवांसाठी राष्ट्रीय किमान निकष ठरविण्यात आले. त्यांतील २२ वा निकष केवळ आरोपांविषयी आहे. चौकशी चालू असताना, ज्याच्यावर आरोप आहे त्या व्यक्तीला आणि तिच्या घरातल्यांना, त्या सेवेपासून स्वतंत्र असलेल्या कोणाचा तरी आधार उपलब्ध करून द्यावा, असे त्यात सांगितले आहे. हा आधार म्हणजे कामकाज कसे चालते याची माहिती, मनाला धीर आणि गरज पडल्यास बैठकीला बरोबर येणे. यात आरोपीला सोडवण्याचा भाग कुठेही नाही. तपास तपासाच्या वाटेने चालतो. फक्त माणूस एकटा पडत नाही. प्रतिपालकांची 'फॉस्टरिंग नेटवर्क' नावाची संघटनाही तिथे आहे. ती सभासदांना अशा वेळी सल्ला देते.

आपल्याकडे असा निकष होईपर्यंत हातावर हात ठेवून बसावे लागेल असे मात्र नाही. आहे त्या कायद्यातही काही गोष्टी आहेत. त्या वेळेवर कोणी सांगत नाही, इतकेच. पहिली गोष्ट, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करावा लागतो. मावशीला हे पाचव्या महिन्यात कळले. दुसरी, प्रतिपालकत्वाविषयी समितीने दिलेला आदेश मान्य नसेल तर ३० दिवसांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हा दंडाधिकारी म्हणून त्यांच्याकडे, अपील करता येते. तिसरी, समितीच्या कामकाजाविषयी गाऱ्हाणे असेल तर तेही त्यांच्याकडेच मांडता येते. चौथी, अटक झालीच तर तिचे कारण जाणून घेण्याचा आणि वकिलाशी बोलण्याचा हक्क संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदाने दिलेला आहे.

याखेरीज प्रतिपालकांनी स्वतः पाळण्यासारख्या काही साध्या गोष्टी आहेत. घरात एक वही ठेवावी. मूल पडले, भाजले, आजारी झाले, कोणी भेटायला आले, शाळेतून तक्रार आली, तर तारीख घालून दोन ओळी लिहाव्यात. अंगावर खूण दिसली तर त्याच दिवशी दवाखान्यात दाखवावी, कागद जपून ठेवावा आणि बाल संरक्षण कक्षाला कळवावे. मावशीच्या वहीत "आजी आली. बिब्बा लावला. फोड आले." एवढ्या तीन ओळी असत्या तरी त्या तिच्या बाजूने बोलल्या असत्या. आरोप आलाच तर मुलाला गाठून "खरं सांग" म्हणत मागे लागू नये. त्याने मुलाचे हाल होतात आणि आपण साक्षीवर दडपण आणतो असाही अर्थ निघतो. ज्यांनी कळविले त्यांच्याशी भांडायला जाऊ नये. जे सांगायचे ते लेखी द्यावे आणि त्याची पोच घ्यावी.

आणि बाकीच्यांनी काय करावे? आपल्या जिल्ह्यात याचा एक धडा आधीच गिरविला गेला आहे. कोरोनाने पती गमावलेल्या स्त्रियांसाठी अकोले येथील हेरंब कुलकर्णी यांच्या पुढाकाराने २०२१ पासून कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीचे काम सुरू झाले. तालुक्या-तालुक्यांतील कार्यकर्ते त्या बायकांबरोबर कचेऱ्यांत गेले, अर्ज भरले, बालसंगोपन योजनेची माहितीही दिली. त्यांच्या हाती कोणती सत्ता नव्हती. ते बरोबर गेले, हेच त्यांचे काम होते. असेच प्रत्येक तालुक्यात दोन-चार जण का पुढे येऊ नयेत? एखादे निवृत्त मुख्याध्यापक, एखाद्या वकीलबाई, समाजशास्त्राचे एखादे प्राध्यापक. १९८९ पासून नगरमध्ये मुलांसाठी काम करणारी 'स्नेहालय'सारखी संस्था आहे. अशा अनुभवी माणसांकडून त्यांनी आधी शिकून घ्यावे. नियम एकच असावा. या माणसाने चौकशीत पडायचे नाही, मुलाला भेटायचे नाही, दोषी की निर्दोष हे बोलायचे नाही. प्रतिपालकाला आरोप समजावून द्यायचा, तारखेला बरोबर जायचे आणि बाकावर शेजारी बसायचे. पुढे आरोप खरा ठरला तर कायद्याने आपले काम करावे. तोवर त्या माणसाला माणसासारखे वागविण्यात कोणाचेच काही जात नाही.

मी मावशीबरोबर त्या बाकावर बसत असे तेव्हा मला यातले काहीच ठाऊक नव्हते. मी कलम सांगू शकले नाही, अर्ज लिहू शकले नाही. परवा हा लेख लिहिते आहे असे तिला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "तू शेजारी बसायचीस ना, तेवढंच बरं वाटायचं." भाचीच्या नाही म्हणण्याने काही झाले नव्हते, पण बसण्याने थोडे झाले होते. ते बसणे नात्यावर अवलंबून राहू नये, एवढेच मला सुचवायचे आहे.

मुलगी आता चौथीत आहे. पायांवरचे डाग पुसट झाले आहेत. तिच्या घरी आता दुकानाच्या उधारीच्या वहीशेजारी दुसरी एक वही असते. काका तिच्यात रोज काहीतरी लिहितात. पण मी सुट्टीत गेले तेव्हा एक गोष्ट पाहिली. सकाळी मुलगी वेणी घालून घ्यायला मावशीपुढे बसली. केसांत गुंता होता. पूर्वी मावशी "थांब गं" म्हणून गुंता ओढून काढायची. त्या दिवशी तिचा हात केसांशी आला आणि थांबला. पोरीला जरा दुखले, ती ओरडली, शेजारी कोणी ऐकले तर? तिने हलक्या हाताने सैलसर वेणी घातली. शाळेत जाईपर्यंत ती सुटायची, हे दोघींनाही ठाऊक होते.

मुलगी वळून म्हणाली, "मावशी, घट्ट घाल ना. पहिल्यासारखी."

मावशीने वेणी सोडली आणि पुन्हा घालायला घेतली.